प्रवेशाचा अंदाज कसा बांधावा?

बारावीच्या वर्गांत पाऊल पडलें कीं "पुढें काय?" हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मागें लागतो. ज्यांचा ओढा वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांकडे असतो, त्यांच्या मनांत लगेच दुसराही प्रश्न उभा राहतो: "चांगल्या महाविद्यालयांत माझा प्रवेश होईल काय?" या प्रश्नाचीं दोन उत्तरें ठरलेलीं असतात. मायेचीं माणसें म्हणतात, "तुझा नाहीं तर कोणाचा होणार!" आणि भित्रें मन म्हणतें, "आपल्यासारख्यांचें तें काम नव्हे." दोन्ही उत्तरें हिशेब न करतांच दिलेलीं असतात. सोलापूर हें सूत, चादर आणि टॉवेल यांच्या व्यापाराचें गांव. येथील व्यापारी भाव विचारल्यावांचून सुताचा गठ्ठा उचलीत नाहीं. मग आयुष्यांतील तीन ते पांच वर्षें आणि घरची पुंजी जेथें गुंतवावयाची, तेथें अंदाजावांचून पाऊल कां टाकावें?

आपल्याकडे वाणिज्याचें उच्च शिक्षण फार जुनें नाहीं. मुंबईचें सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालीं स्थापन झालें. आशिया खंडांतील वाणिज्याचें तें पहिलें महाविद्यालय म्हणून ओळखलें जातें. १९१८ ते १९२० या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढें १९४३ सालीं पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें. त्या काळीं सोलापूरच्या मुलापुढें प्रश्न असे तो महाविद्यालयापर्यंत पोहोंचावयाचें कसें, हा. आज अशीं महाविद्यालयें जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि २००४ पासून सोलापुरास स्वतःचें विद्यापीठही आहे. आतां प्रश्न आहे तो निवडीचा.

स्पर्धा कोठें आहे हें ओळखा

पुष्कळांचा समज असा कीं स्पर्धा अभ्यासक्रमाला असते. वास्तविक ती विशिष्ट महाविद्यालयाला असते. २०२४ सालीं महाराष्ट्रांत बी.बी.ए., बी.एम.एस., बी.बी.एम. व बी.सी.ए. या अभ्यासक्रमांसाठीं प्रथमच राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा झाली. त्या वर्षीं परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षां जागा कितीतरी अधिक निघाल्या, आणि तीच परीक्षा त्या वर्षीं दुसऱ्यांदा घ्यावी लागली. तरीही नांवाजलेल्या महाविद्यालयांच्या दारांत दाटी होतीच. तात्पर्य, "राज्यांत इतक्या हजार जागा आहेत" या वाक्यापासून धीरही घेऊं नये आणि धास्तीही घेऊं नये.

दुसरें दार राष्ट्रीय संस्थांचें. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेनें २०११ सालीं बारावीनंतरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. रोहतकच्या संस्थेनें तसाच अभ्यासक्रम २०१९ सालीं काढला. येथें जागा थोड्या आणि उमेदवार सबंध देशांतले. तिसरें दार बी.कॉम.चें. तेथें बहुतेक ठिकाणीं बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. या तीन दारांचा हिशेब एकाच तराजूनें करतां येत नाहीं.

टक्के आणि पर्सेंटाइल

गुणपत्रिकेंतील टक्के आपण किती बरोबर लिहिलें हें सांगतात. पर्सेंटाइल आपण कितीजणांच्या पुढें आहों हें सांगतें. समजा, एका परीक्षेस ४०,००० विद्यार्थी बसले आणि एकास ९५ पर्सेंटाइल मिळालें. आंकडा ऐकून घरांत पेढे वाटले जातील. परंतु ४०,००० चे पांच टक्के म्हणजे २,००० विद्यार्थी त्याच्या पुढें आहेत. आतां त्याला हव्या असलेल्या महाविद्यालयांत ६० जागा असल्या तर? ते २,००० सर्वच तेथें येणार नाहींत, हें खरें. किती येतात हें कळण्याचा एकच सरळ उपाय आहे: मागील वर्षीं त्या महाविद्यालयांत, आपल्या प्रवर्गांत, शेवटच्या फेरींत शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, तें पाहणें. पहिल्या फेरीचा आंकडा पाहून निराश होणारे पुष्कळ. शेवटच्या फेरीपर्यंत थांबून प्रवेश मिळविणारे थोडे.

शक्यतांचा गुणाकार

जेथें लेखी परीक्षेनंतर मुलाखतही असते, तेथें दोन उंबरठे ओलांडावे लागतात. समजा, लेखी परीक्षेंतून निवड होण्याची शक्यता पांचांत एक आणि मुलाखतींतून तिघांत एक. तर दोन्हींतून पार पडण्याची शक्यता पंधरांत एक. येथें बेरीज नसून गुणाकार असतो. दुसरा भ्रम असा कीं पांच संस्थांस अर्ज केले म्हणजे शक्यता पांचपट झाली. ज्या विद्यार्थ्याचें इंग्रजी कच्चें आहे, त्याचें तें कच्चेपण पांचही ठिकाणीं त्याच्याबरोबर जातें. अर्ज वाढविल्यानें लाभ होतो. परंतु उणीव भरून काढल्यानें होतो तेवढा होत नाहीं.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. २०२४ च्या राज्य परीक्षेंत १०० गुणांपैकीं ४० इंग्रजीला होते. इंदूरच्या परीक्षेंत तर प्रत्येक विभागाची किमान मर्यादा स्वतंत्र असते; गणितांत कितीही गुण मिळविले तरी भाषेंतील तूट भरून निघत नाहीं.

स्वतःची परीक्षा स्वतः घ्या

घड्याळ लावून पूर्ण वेळाच्या निदान पांच सराव-परीक्षा द्याव्या. त्यांपैकीं सर्वांत चांगला आंकडा उराशीं धरूं नये. शेवटच्या तिहींची सरासरी घ्यावी. तीच आपली खरी पत.

न येणाऱ्या प्रश्नाचें काय करावें, हेंही आधीं ठरवावें. जेथें चुकीस गुण कापीत नाहींत, तेथें एकही प्रश्न कोरा सोडूं नये. २०२४ ची राज्य परीक्षा याच प्रकारची होती. जेथें बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीस १ गुण वजा, तेथें चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवल्यास सरासरी लाभ पाव गुणाचा, म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं. परंतु एक पर्याय निश्चित चूक आहे असें ओळखतां आलें, तर तोच लाभ दोन-तृतीयांश गुणावर जातो. अर्धवट ज्ञानालाही किंमत असते, अज्ञानाला नसते.

तीन याद्या आणि एक पिशवी

इतका हिशेब झाल्यावर तीन याद्या कराव्या. आपली सरासरी ज्यांच्या शेवटच्या आंकड्याहून बरीच वर आहे, तीं महाविद्यालयें पहिल्या यादींत. जवळपास आहे तीं दुसऱ्या. आणि खालीं आहे तीं तिसऱ्या यादींत. पसंतीक्रम मात्र खऱ्या आवडीनुसार भरावा, आणि तिन्ही याद्यांतील नांवें त्यांत असावींत. प्रत्येक नांवापुढें फी, वसतिगृह आणि जेवणाचा खर्च लिहावा. राष्ट्रीय संस्थांची फी लाखांत जाते. म्हणून शिष्यवृत्ति आणि शैक्षणिक कर्ज यांची चौकशी प्रवेशापूर्वीं झाली पाहिजे. ज्या घरांत महिन्याचा खर्च यंत्रमागाच्या मजुरीवर चालतो, तेथें हा रकाना वडिलांसमवेत बसून भरावा. वडिलांस जो आंकडा पुढें कधींतरी कळणारच आहे, तो आधींच कळलेला बरा.

पिशवी कागदपत्रांची. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि लागूं असल्यास जातवैधता व नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र, हीं मुदतीच्या आंत हातीं नसलीं तर मिळविलेला गुणही व्यर्थ जाऊं शकतो. परीक्षेच्या निकालावर आपली सत्ता नाहीं. या पिशवीवर मात्र पूर्ण आहे.

एक शेवटची गोष्ट. १८८२ सालीं याच सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचें महाविद्यालयीन शिक्षण पदवीपर्यंत पोहोंचलें नाहीं. पुढें सिंदिया जहाज कंपनीच्या १९१९ च्या स्थापनेंत ते अग्रभागीं होते, आणि १९४० सालीं बंगळूरास विमानांचा कारखाना त्यांच्याच पुढाकारानें उभा राहिला. यावरून पदवी निरुपयोगी असें कोणीं समजूं नये; त्यांच्यासारखी संधि व घरचा आधार सर्वांस नसतो, आणि म्हणूनच आपणांस शिक्षणाची गरज अधिक. परंतु वर सांगितलेला सारा हिशेब एका दाराचा आहे, माणसाचा नव्हे. पंधरांत एक ही शक्यता प्रवेशाची असते; ती त्या विद्यार्थ्याची योग्यता नसते.

स्वाध्याय

१. ३०,००० उमेदवारांत ९८ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढें किती विद्यार्थी असतील?

२. लेखी परीक्षेंतून निवडीची शक्यता चौघांत एक आणि मुलाखतींतून दोघांत एक असल्यास एकंदर शक्यता किती?

३. आपल्या तीन याद्या तयार करा, आणि प्रत्येक महाविद्यालयापुढें एकूण वार्षिक खर्च लिहून त्या घरीं दाखवा.