दुखण्याआधीचा खर्चच स्वस्त पडतो
दातांच्या जमाखर्चाचा एक धडा

दुकानातला काटा मुदत संपण्यापूर्वी वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. यंत्रमागाला वेळच्या वेळी तेल द्यावे लागते. शिलाई मशीनचा पट्टा ढिला झाला की टेलर तो तुटेपर्यंत थांबत नाही. बंद पडलेले यंत्र दुरुस्तीचे पैसे तर खातेच, शिवाय दिवसाची कमाईही खाते, हे आपल्या कारागिरांना कोणी शिकवावे लागत नाही. मात्र याच माणसाला ‘एकदा दात दाखवून घ्या’ असे सांगितले तर तो म्हणतो, ‘दुखत नाही ना? मग डॉक्टरला कशाला पैसे द्यायचे?’

या एका वाक्यात आपले किती नुकसान होते, ते आज हिशेबाच्या भाषेत पाहू.

दात उशिरा तक्रार करतो

दाताचे वरचे आवरण, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण भाग आहे. परंतु त्यात संवेदना नसते. आपण गोड खाल्ले किंवा साखरेचा चहा घेतला की दातावरच्या चिकट थरातील जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल एनॅमलला झिजवते. दाताला कीड लागते ती अशी. या अवस्थेत काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात उतरली की थंड-गोड लागल्यावर क्षणभर कळ येते. ती थेट नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते.

म्हणजे दाताचा व्यवहार उलटा आहे. दुरुस्ती स्वस्त असते तेव्हा तो गप्प राहतो आणि दुरुस्ती महाग झाली की ओरडतो. दुखण्याची वाट पाहणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वस्त सौदा सोडून महाग सौदा पत्करत असतो.

याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नुसती तपासणी आणि सफाई पुरते. दुसरीवर कीड कोरून दात भरावा लागतो. हे काम बहुधा एका बैठकीत संपते. तिसरीवर रूट कॅनॉल करून वर कॅप बसवावी लागते. त्यासाठी अनेकदा दोन-चार फेऱ्या होतात आणि खर्च दात भरण्याच्या कितीतरी पट होतो. चौथीवर दात काढावा लागतो आणि त्या जागी ब्रिज, कवळी किंवा इम्प्लांट यांचा विचार करावा लागतो. प्रत्येक पायरीवर पैसा वाढतो, वेळ वाढतो आणि स्वतःचा दात मात्र कमी होत जातो.

येथे एका गैरसमजाबद्दल सांगणे जरूर आहे. लवंगेचे तेल लावले, मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि ठणका थांबला, की पुष्कळांना दात बरा झाला असे वाटते. गोळीने वेदना दबते, कीड थांबत नाही. कधी कधी तर ठणका थांबण्याचे कारण आतली नस मेली हेच असते. काही महिन्यांनी त्याच दाताच्या मुळाशी पू होतो, गाल सुजतो आणि ऐन सणाच्या गर्दीत दुकान बंद ठेवण्याची वेळ येते.

दोन दुकानदारांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. दर गावागणिक आणि दवाखान्यागणिक वेगळे असतात. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, पहिला दुकानदार वर्षातून एकदा तपासणी व सफाई करून घेतो आणि त्याला १,००० रुपये लागतात. दहा वर्षांचे १०,००० झाले. या काळात दोन दातांना लागलेली कीड वेळेवर सापडली व ते भरले, त्याचे २,०००. एकूण बारा फेऱ्यांत प्रत्येकी अर्धा दिवस गेला. दिवसाची कमाई ८०० धरली तर अर्ध्या दिवसाचे ४०० प्रमाणे ४,८०० बुडाले. एकूण बेरीज १६,८००.

दुसरा दुकानदार दवाखान्याची पायरी चढत नाही. सात वर्षे त्याचा खर्च शून्य, आणि तो पहिल्याला हसतो. आठव्या वर्षी एक दाढ ठणकू लागते. रूट कॅनॉल व कॅपचे ८,०००. दुसरी दाढ वाचत नाही. ती काढण्याचे ८०० आणि शेजारच्या दोन दातांचा आधार घेऊन बसवलेल्या ब्रिजचे १२,०००. आठ फेऱ्यांत अर्ध्या दिवसाचे ३,२०० बुडाले. सुजेमुळे तीन दिवस दुकान उघडलेच नाही, त्याचे २,४००. बेरीज २६,४००.

फरक ९,६०० रुपयांचा आहे. पण खरा फरक याहून मोठा आहे. पहिल्याचा खर्च थोडा थोडा होतो. उपचाराचे १२,००० दहा वर्षांत विभागले तर महिन्याला शंभर रुपये पडतात. दुसऱ्याची रक्कम एकदम निघते, आणि एकदम निघणारी रक्कम गल्ल्यातून भागत नाही. ती मालाच्या भांडवलातून जाते किंवा कर्जातून. व्याजाला आपण हराम मानतो, पण दवाखान्याची अडचण माणसाला नेमकी त्याच दारात नेऊन उभी करते. आधीच थोडी तरतूद करणे हा त्या दारापासून दूर राहण्याचाही मार्ग आहे. बहुतेक साध्या आरोग्य विम्यांत दातांचा नेहमीचा उपचार धरलेला नसतो, म्हणून ‘विमा आहे’ या भरवशावरही राहू नये.

एखाद्याचे दात उपजत चांगले असतात आणि तपासणी न करताही त्याला दहा वर्षे काही होत नाही, हे खरे आहे. परंतु एखाद्याच्या गोदामाला आग लागत नाही म्हणून बाकीच्यांनी खबरदारी सोडावी, असे कोणी म्हणत नाही.

हिरड्यांचे छुपे नुकसान

पुष्कळ लोकांचे दात किडीने नव्हे तर हिरड्या खराब झाल्याने जातात. दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही तर तो कठीण होऊन त्याचे किटण बनते. मिस्वाक करण्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फार भर दिला आहे, आणि मिस्वाक असो वा ब्रश, मऊ थर दोन्हींनी निघतो. एकदा कठीण झालेले किटण मात्र कशानेच घरी निघत नाही. ते अवजाराने खरवडूनच काढावे लागते. त्याखाली हिरडी सुजते, रक्त येते, आतले हाड झिजते आणि कीड नसलेला धडधाकट दात हलू लागतो. मधुमेह असलेल्यांना हा धोका अधिक असतो. उलट हिरड्या बिघडल्या तर साखर ताब्यात ठेवणेही अवघड होते.

‘सफाई केली की दात ढिले होतात’ ही समजूत चुकीची आहे. दात आधीच ढिले झालेले असतात, किटण निघाल्यावर ते जाणवते एवढेच. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हीदेखील खोटी भीती आहे. आणि ही सफाई काही आजकालची टूम नव्हे. कुर्तुब्याचे शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी (निधन इ.स. १०१३) यांनी आपल्या ग्रंथात दातांवरील किटणाने हिरड्या बिघडतात हे सांगून ते खरवडण्याच्या अवजारांची चित्रेही दिली होती. जे ज्ञान आपल्याच वारशात हजार वर्षांपासून आहे, त्याला आपण घाबरावे हे योग्य नव्हे.

धंद्याच्या सवयी

काही नुकसान आपल्या कामातून येते. टेलर दाताने दोरा तोडतो, सुतार व चांभार खिळे दातात धरतात, वायरमन दाताने तार सोलतो. वर्षानुवर्षे असे केल्याने पुढच्या दातांना खाचा पडतात व टवके उडतात. कात्री आणि पक्कड दातापेक्षा स्वस्त आहेत. बेकरी व मिठाईच्या कामात दिवसभर चव पाहिली जाते. रात्रपाळीला यंत्रमागावर चहाच्या फेऱ्या चालतात. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याला जास्त महत्त्व आहे. कारण प्रत्येक वेळी आम्लाचा मारा नव्याने सुरू होतो. चहानंतर पाण्याने चूळ भरणे ही बिनखर्चाची सवय आहे. वजूच्या वेळी आपण चूळ भरतोच, ती घाईने न उरकता नीट भरावी. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश मात्र चुकवू नये.

तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांचा हिशेब तर वेगळाच आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी व तंबाखू सुटलेली नाही. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तोंड पूर्ण न उघडणे, तिखट सहन न होणे, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. नियमित तपासणीत डॉक्टर दातांबरोबर गाल आणि जीभही पाहतो. तेथे वेळेवर सापडलेला एक चट्टा घरातला कमावता माणूस वाचवू शकतो. या लाभाची किंमत कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

मुलांची सहाव्या वर्षीची दाढ

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. त्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेल, नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ही दाढ कायमची असते, ती पुन्हा येत नाही. या वयात मुलाला एकदा अवश्य दाखवावे. गरज वाटल्यास डॉक्टर दाढेच्या खोल खाचा बुजवून देतात, म्हणजे त्यांत अन्न अडकत नाही. हा लहानसा खर्च पुढची पन्नास वर्षे उपयोगी पडतो.

किती वेळा जावे, कोठे जावे

सर्वांनी सहा महिन्यांनी जावे असा एकच नियम नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २००४ साली असे ठरवले की, प्रत्येकाच्या धोक्यानुसार प्रौढांसाठी हे अंतर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असावे आणि मुलांसाठी एका वर्षापेक्षा जास्त नसावे. म्हणजे ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत, कीड लागत नाही आणि तंबाखू नाही, त्याने वर्षाने गेले तरी चालते. मधुमेही, तंबाखू खाणारे आणि वारंवार कीड लागणारे यांनी लवकर जावे. पहिल्या भेटीतच ‘मी पुन्हा केव्हा यावे?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

रस्त्याच्या कडेला बसून दात बसवणाऱ्याकडे स्वस्त म्हणून जाऊ नये. शुद्ध न केलेल्या अवजारांनी दुसरे रोग लागतात आणि ते काम पुढे उकरून काढण्यातच दुप्पट पैसे जातात. डॉक्टर बी.डी.एस. व नोंदणीकृत आहे, याची खात्री करावी. मोठा उपचार सांगितल्यास खर्चाचा अंदाज लेखी मागावा, एक्स-रे समजावून घ्यावा आणि शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. माल घेताना आपण दोन ठिकाणी भाव विचारतोच.

ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे आणि पुण्यात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी वेळ थोडा जास्त जातो, पण खर्च कमी येतो आणि अनुभवी शिक्षकांची देखरेख असते. या देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले आणि त्याचा खर्च ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्या आइस्क्रीम-शरबताच्या दुकानातून चालवला. धंद्याची कमाई दंतसेवेला लावणाऱ्या त्या माणसाच्या समाजाने दातांकडे दुर्लक्ष करावे, हे खेदाचे आहे.

एक तारीख ठरवा

शेवटी एक सोपी सूचना. आपण जकातीसाठी वर्षातून एकदा सगळा हिशेब मांडतो. त्याच धर्तीवर शाबान महिन्यात घरातल्या सर्वांचे दात दाखवून घ्यावेत. रमजानमध्ये दुकानाची गर्दी, रोजा आणि इफ्तारचे गोड पदार्थ एकत्र येतात. तेव्हा दाढ ठणकली तर रोजाही अवघड होतो आणि धंदाही. मालेगावसारख्या ठिकाणी यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, तेथे सुटीचा तो दिवस जुम्याची वेळ सांभाळून वापरता येईल. जे मालक आहेत त्यांनी कारागिराला वर्षातून अर्ध्या दिवसाची पगारी सुटी यासाठी द्यावी. सुजलेल्या गालाने केलेल्या कामात कापड बिघडते, तेव्हा नुकसान मालकाचेच होते.

गल्ल्याशेजारी एक डबा ठेवून त्यात रोज पाच रुपये टाकले तरी वर्षाला १,८२५ रुपये जमतात. शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. दुसऱ्याची ठेव आपण जितक्या जपून सांभाळतो, तितक्याच जपून ही सांभाळली पाहिजे. दात दुखत नाही आहे, तोच दवाखान्यात जाण्याचा खरा मुहूर्त आहे.