‘टॉरंट’ : अर्थ, उपयोग व पाठाची दिशा

वरच्या इयत्तांना इंग्रजी शिकविताना ‘टॉरंट’ हा शब्द आला म्हणजे ‘पूर’ एवढे सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. हा अर्थ अपुरा होय. नदी पात्र सोडून पसरते तो पूर. त्यास ‘फ्लड’ म्हणतात, व त्याचे पाणी संथही असू शकते. ‘टॉरंट’मध्ये वेग मुख्य. उतारावरून दगडगोटे लोटीत धावणारे पाणी म्हणजे ‘टॉरंट’. आपला ‘लोंढा’ हा शब्द त्यास सर्वांत जवळचा आहे.

व्युत्पत्ती : लॅटिन भाषेत ‘तोरेरे’ म्हणजे भाजणे, वाळविणे. त्यापासून ‘तोरेन्स’, म्हणजे जळते, पुढे उकळते, आणि अखेर उसळत धावणारे पाणी. आधणाचे पाणी खळखळते व ओढ्याचेही खळखळते, असे आपणही म्हणतोच. याच प्राचीन धातूचे संस्कृतातील रूप ‘तृष्’. ‘तृष्णा’ या शब्दापासून प्राकृतात ‘तण्हा’ व मराठीत ‘तहान’ झाले. म्हणजे लोंढा आणि तहान हे शब्दकुळाने एकमेकांचे आप्त ठरतात! जिवतीच्या डोंगरात राहणाऱ्यांस याचे नवल वाटू नये. श्रावणात वाट अडविणारा नाला वैशाखात कोरडा पडलेला आपण पाहतोच.

उपयोग :
(१) मूळ अर्थ : डोंगरनाल्याचा लोंढा.
(२) पाऊस : ‘टॉरेन्शियल रेन’ म्हणजे मुसळधार पाऊस. ‘इट रेन्ड इन टॉरंट्स’ म्हणजे पाऊस धो धो कोसळला. येथे अनेकवचनच येते.
(३) लाक्षणिक : ‘टॉरंट ऑफ वर्ड्स’ म्हणजे शब्दांचा भडिमार, ‘टॉरंट ऑफ अब्यूज’ म्हणजे शिव्यांची लाखोली. इंग्रजी जेथे पाणी पाहते, तेथे मराठी मुसळ पाहते किंवा लाखोली वाहते. भाषांतर शब्दाचे न करता आशयाचे करावे, हे येथे मुलांस सहज पटते.

पाठ घेताना : प्रथम मुलांना त्यांच्या घरचा शब्द विचारावा. गोंडी, कोलामी, बंजारा बोलीतील शब्द फळ्यावर लिहावेत व नंतर इंग्रजी शब्द द्यावा.

याच पाठास विज्ञानाची जोड द्यावी. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा सुमारे चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही मुलाचे पाय उचलते. वर डोंगरात पाऊस झाला असता खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पाला वाहत येणे ही त्याची पूर्वसूचना होय. लहान नाल्याचा लोंढा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. तोवर थांबावे, ओलांडू नये. नाल्यामुळे जे मूल शाळेत येऊ शकले नाही, त्यास शिक्षकांनी बोल लावू नये. ते थांबले, हे शहाणपणच मानावे.

स्वाध्याय : (१) ‘फ्लड’, ‘स्ट्रीम’ व ‘टॉरंट’ यांतील भेद आपल्या गावच्या पाण्याची उदाहरणे देऊन सांगा. (२) शाळेच्या वाटेवरील नाल्यांचा नकाशा काढून पावसाळ्यात न ओलांडण्याच्या जागा दाखवा. हा नकाशा वर्गात कायम लावावा.