कॉफीला पहिल्यांदाच हो म्हणा

प्रश्न : मुलगा-सुनेकडे नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनला राहायला जातेय. शेजारी डच आहेत. वागताना काय सांभाळू?
– एक वाचक, दहिवली (कर्जत)

उत्तर : आपल्याकडे हाक मारत सरळ ओटीवर जातो, तसं तिथे नको. आधी वेळ ठरवा आणि ती पाळा. संध्याकाळी सहाच्या सुमारास तर मुळीच जाऊ नका, ती त्यांची जेवणाची वेळ. ‘आता जेवूनच जा’ असा आग्रह होणार नाही. अपमान मानू नका. वाढदिवसाची मात्र गंमत आहे : ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, तर त्याच्या आईवडिलांचं, बायकोचंही ‘खेफेलिसितेर्त’ म्हणून अभिनंदन करायचं! भेटवस्तू तुमच्यासमोरच उघडतील. आणि कॉफीला संकोचाने ‘नको’ म्हणालात, तर बहुधा कुणी पुन्हा विचारणार नाही.