मोबाईलला वेळ कोण सांगतं?

प्रश्न : मोबाईलची बॅटरी पूर्ण उतरून तो दोन दिवस बंद राहिला, तरी चालू केल्यावर वेळ बरोबर दाखवतो. माझा भाचा दुबईला उतरला तर त्याच्या मोबाईलचं घड्याळ आपोआप दीड तास मागे गेलं. हे कोण करतं? आणि सेटिंगमध्ये आपल्या वेळेपुढे ‘कोलकाता’ का लिहिलेलं असतं?
– एक वाचक, चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. आत्ता नेमका कोणता क्षण चालू आहे, हा एक. त्या क्षणाला या जागी किती वाजले म्हणायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पदार्थविज्ञान देतं, दुसऱ्याचं सरकार देतं, आणि मोबाईल ही दोन उत्तरं दोन वेगळ्या वाटांनी मिळवतो.

बॅटरी उतरली म्हणून मोबाईल बंद होतो, तेव्हाही तिच्यात थोडा जीव शिल्लक असतो. तेवढ्यावर आतलं एक इवलंसं घड्याळ चालू राहतं. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ते कंप मोजून वेळ पुढे सरकते. स्फटिक बऱ्यापैकी इमानी, पण दिवसाला सेकंद-दोन सेकंदांची चूक त्याच्याकडूनही होते. असे स्फटिक साधारण 25 अंश तापमान धरून घडवलेले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हात ते किंचित मागे पडतात. जुन्या मोबाईलची बॅटरी काढून पुन्हा बसवली की कधी कधी 1 जानेवारी 1970 ही तारीख दिसते. कारण बऱ्याच संगणक प्रणाली वेळ मोजायला त्याच दिवसापासून सुरुवात करतात.

मोबाईल चालू होऊन टॉवरशी जोडला गेला की कंपनीचं नेटवर्क त्याला एक छोटा संदेश पाठवू शकतं. त्यात तारीख, जागतिक वेळ आणि तिथली स्थानिक वेळ तिच्यापासून किती पुढे-मागे आहे, हे असतं. हा फरक पाव तासांत मोजलेला असतो. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणजे 22 पाव तास. नेपाळचा 23. इंटरनेट चालू असेल तर मोबाईल दुसरी वाटही वापरतो आणि वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला थेट विचारतो. उत्तर यायला लागलेल्या वेळेमुळे चूक होऊ नये म्हणून विचारलं कधी आणि उत्तर आलं कधी, हे तो टिपून ठेवतो आणि जाण्या-येण्याच्या वेळेचा निम्मा भाग हिशेबात धरतो. डेव्हिड मिल्स या अमेरिकी संशोधकाने 1985 साली मांडलेली ही पद्धत अजूनही जगभर चालते. नव्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये साधारणतः टॉवरपेक्षा हिच्यावरच जास्त भर असतो.

या सर्व्हरांना वेळ मिळते ती अणुघड्याळांकडून. सिझियमच्या अणूशी जुळलेल्या लहरींची 9,19,26,31,770 आवर्तनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या 1967 पासून जगाने मानली आहे. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने कंपन्यांना त्यांच्या यंत्रणा या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवण्याचा आदेश दिला. आपल्या वेळेचं मूळ आपल्याच देशात असावं, हा आग्रह मला पूर्ण रास्त वाटतो.

आता दुबई. प्रत्येक टॉवर आपल्या देशाचा तीन आकडी क्रमांक सांगत असतो : भारताचा 404 किंवा 405, संयुक्त अरब अमिरातीचा 424. तुमच्या भाच्याच्या मोबाईलने 424 ऐकलं आणि तिथला फरक लावला. सबंध देशाला एकच वेळ असली की एवढं पुरतं. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मात्र देश कळून भागत नाही. तिथे टॉवरने सांगितलेला फरक किंवा मोबाईलचं ठिकाण लागतं.

‘कोलकाता’ हे नाव जगभरच्या वेळांच्या एका सामाईक यादीतून येतं. त्या यादीत प्रत्येक विभागाला सहसा तिथल्या मोठ्या शहराचं नाव असतं, आपल्या विभागाला कोलकात्याचं मिळालं. घड्याळ कोलकात्याच्या सूर्यावर चालत नाही. आपली प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. मुंबईने तर तिच्याहून 39 मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ महापालिकेच्या कारभारात पुढे बरीच वर्षं सोडली नव्हती.

चकलांबा साडेपंचाहत्तर अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्या रेषेच्या सात अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून तुमच्या गावी सूर्याचा मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 28 मिनिटांनी होतो. अंगणात सरळ काठी रोवून सर्वात आखूड सावली कधी पडते ते पाहा. फेब्रुवारीच्या मध्यात 12:42 च्या सुमारास पडेल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:12 च्या सुमारास. एवढा सोपा आणि सुंदर प्रयोग शाळेतल्या मुलांकडून जरूर करून घ्यावा.

सरकारने ऐनवेळी वेळ बदलली तर मोबाईल फसतो. मार्च 2023 मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे करण्याचा दिवस अगदी तोंडावर पुढे ढकलला. अनेक मोबाईल मात्र आधीच्या नियमाप्रमाणे पुढे गेले. चर्चने निर्णय मानला नाही, एका देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे ही अडचण नाही. पण नेपाळ किंवा बांगलादेशच्या सीमेलगत पलीकडचा टॉवर पकडला गेला, तर मोबाईल 15 किंवा 30 मिनिटं पुढे जाऊ शकतो. तुमच्या गावचं कोणी तिकडे नोकरीला असेल, तर त्याने तिथे वेळेचा विभाग स्वतः ‘भारत’ निवडून ठेवावा.

एक कळकळीची विनंती. गेममध्ये जादा संधी मिळावी म्हणून मुलं मोबाईलची तारीख पुढे करतात आणि तशीच विसरतात. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि मोबाईल ती स्वतःच्या घड्याळावरून तपासतो. तारीख चुकली की प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरतं आणि संकेतस्थळं उघडत नाहीत, पैशांचे व्यवहार अडतात. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहिल्यावर हे ध्यानात आलं तर हेलपाटा पडतो. ॲप चालत नाही म्हणून ते काढून टाकण्याआधी सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ’ उघडा. आपोआप वेळ आणि आपोआप वेळ विभाग, अशी तिथे बहुतेक दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही चालू करा आणि मोबाईल एकदा बंद करून पुन्हा सुरू करा.