पवनचक्की उभी राहण्यापूर्वी

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे या पठारांवर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या, आणि त्यामुळे या उद्योगाचा शेजार दीर्घकाळ अनुभवलेली महाराष्ट्रातील काही गावे याच परिसरात आहेत. कोळशाच्या धुरापेक्षा वाऱ्याची वीज बरी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि या गावांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की पवनचक्कीपासून होणारा बहुतेक त्रास ती कोठे उभी राहते यावर ठरतो, आणि मनोरा एकदा उभा राहिला की तो हलवता येत नाही.

यात कायद्याची मोठी उणीव आहे. एखाद्या प्रकल्पाचा निसर्गावर व लोकांवर काय परिणाम होईल याची आगाऊ तपासणी म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. परंतु २००६ च्या यासंबंधीच्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जेचा समावेश नाही आणि त्यामुळे बाधित लोकांचे म्हणणे ऐकून घेणारी जनसुनावणीही बंधनकारक ठरत नाही. वनजमीन लागणार असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, पण खासगी माळरानाला आणि सड्याला (जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराला) हे संरक्षण मिळत नाही. कागदोपत्री पडीक म्हणून नोंदलेला हा सडा पावसाळ्यात रानफुलांनी भरतो, गुरांना चारा देतो आणि पावसाचे पाणी मुरवून खालच्या वाड्यांचे झरे जिवंत ठेवतो. त्याला पडीक म्हणणे हा अन्यायच आहे.

चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळजवळ चौपटीने कमी असल्याचे त्यात आढळले. गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा फुलवणारा सरडा हे या पक्ष्यांचे भक्ष्य. पक्षी घटल्याने त्याची संख्या वाढली. वरकरणी ही सरड्यांच्या भरभराटीची खूण वाटेल, परंतु हेच सरडे अंगाने कृश होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते, त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. म्हणजेच पात्यांना धडकून किती पक्षी मेले एवढीच मोजणी केली, तर अन्नसाखळीत खालपर्यंत झिरपत गेलेला हा बदल नोंदीतच येत नाही.

माणसांच्या बाबतीत मुख्य तक्रार आवाजाची असते. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर होते, पण मनोऱ्याच्या उंचीवर वारा वाहतच राहतो. त्यामुळे अंगणात झाडाचे पान हलत नसताना पात्यांचा ठरावीक लयीतला ‘सूं-सूं’ आवाज घरात येतो, आणि तो झाकून टाकणारा दुसरा कोणताही आवाज तेव्हा नसतो. सूर्य क्षितिजालगत असताना फिरत्या पात्यांची सावली भिंतीवरून आणि खिडकीतून सतत सरकत राहते, तोही उपद्रवच होय. या आवाजामुळे होणारा वैताग अभ्यासांतून दिसून आला आहे. मात्र प्रत्येक दुखणे पवनचक्कीच्या माथी मारल्यास खरी तक्रारही हलकी ठरते, म्हणून तक्रार मोजमापासह मांडणेच हिताचे. निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वस्तीपासून ५०० मीटर अंतराची अपेक्षा आहे. मनोरे येण्यापूर्वीच्या शांत रात्रींची नोंद गावाजवळ असेल, तरच पुढे फरक दाखवता येतो.

म्हणून जनसुनावणीचे काम ग्रामसभेनेच करावे. ना हरकत दाखला देण्यापूर्वी प्रत्येक मनोऱ्याची जागा, तेथे जाणाऱ्या रस्त्याची आखणी आणि वीजवाहिन्यांचा मार्ग नकाशावर मागावा. कारण अजस्र पाती वाहून नेण्यासाठी डोंगर कापून केलेला रुंद रस्ता पावसात ओढ्याची वाट बदलतो, आणि उघड्या तारा मोठ्या पक्ष्यांच्या जिवावर उठतात. गिधाडे, गरुड कोणत्या कड्यावर बसतात, वटवाघळे कोणत्या गुहेत राहतात, हे गुराख्यांना सरकारी कागदांपेक्षा अधिक ठाऊक असते. ते लिहून इतिवृत्तात घालावे. वटवाघळे मंद वाऱ्याच्या रात्री अधिक मरतात, म्हणून अशा वेळी पाती थांबवून ठेवण्याची अट घालता येते आणि तिने विजेचे नुकसानही थोडेच होते.

जमिनीचा व्यवहार दलालाच्या तोंडी शब्दावर सोडू नये. विक्री आणि भाडेपट्टा यांतील फरक घरातील सर्व सहहिस्सेदारांनी, विशेषतः सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींनी, सही करण्यापूर्वी समजून घ्यावा, आणि कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा दस्त) सहजासहजी लिहून देऊ नये. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे असते. त्यानंतर मनोरा, काँक्रीटचा पाया आणि सहजी पुनर्वापर न होणारी तंतूकाचेची पाती कोणी उचलायची, तोवर कंपनीची मालकी बदलली तर जबाबदारी कोणाकडे जाईल आणि त्या खर्चाची अनामत कोठे ठेवली आहे, हे करारातच लिहून घ्यावे.