यादीच्या आतली यादी : पायथनचा पुढचा धडा



आपल्या वसतिगृहातली मुले संध्याकाळी जुन्या लॅपटॉपवर पायथन शिकतात. साधी यादी त्यांना जमली. यादीच्या आत यादी आली की अडखळतात. हा धडा त्यांना शिकवणाऱ्या ताई-दादांसाठी आहे.

शास्त्र उघडण्याची सवय असलेल्याला ही गोष्ट नवी नाही. योहान ३:१६ म्हटले की आपण आधी पुस्तक काढतो, मग त्यातला तिसरा अध्याय, मग त्या अध्यायातले सोळावे वचन. (मूळ लिखाणात हे आकडे नव्हते. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे रॉबेर एतियेन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले.) अध्याय सारख्या लांबीचे नसतात. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचने आहेत, स्तोत्र ११७ मध्ये दोनच. पायथनमधल्या आतल्या याद्याही अशा लहानमोठ्या चालतात. स्तोत्र ११७ चे तिसरे वचन कोणी मागितले तर आपण 'नाही' म्हणतो. पायथन 'इंडेक्स एरर' म्हणतो.

आता आपले काम घेऊ. जातीचा दाखला अजून न मिळालेली मुले, तालुक्यावार. पहिली ओळ नांदेड जिल्ह्याची, दुसरी लातूरची. आकडे फक्त धड्यापुरते.

मुले = [
    [["किनवट", 12], ["माहूर", 7]],
    [["उदगीर", 5], ["जळकोट", 4]],
]

नाव मराठीत चालते, अंक मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. कंस डावीकडून वाचा आणि प्रत्येक कंसानंतर थांबून विचारा, 'आता हातात काय आहे?' मोजणी शून्यापासून आहे, म्हणून मुले[0] म्हणजे अख्खा नांदेड. मुले[0][1] म्हणजे ["माहूर", 7]. मुले[0][1][1] म्हणजे 7. एका कंसाने एकच पापुद्रा सुटतो.

एक कंस जास्त लागला तर? मुले[0][1][1][0] लिहिले तर पायथन थांबतो, कारण 7 च्या आत काही नाही. पण मुले[0][0][0][0] लिहिले तर तक्रार न करता 'क' देतो. किनवटची वेलांटीसुद्धा मागे राहते, कारण पायथन तिला वेगळे चिन्ह मोजतो. अशी गुपचूप चूक जास्त वाईट.

दुसरी चूक आपल्याच मुलांची. शास्त्राच्या सवयीने एकाने [3:16] लिहिले. पायथनमध्ये अपूर्णविराम म्हणजे तुकडा : 3 पासून 15 पर्यंतचे घटक, 16 वगळून. योहान ३:१६ ची यादी केली असती तर ते वचन पुस्तकाच्या यादीत [2][15] वर सापडले असते.

शून्याची चूक मात्र माझी आहे. दाखल्यांच्या शिबिरासाठी मी वस्तीवार यादी केली, आणि आतली मोजणी 1 पासून सुरू केली. कार्यक्रम बिनतक्रार चालला. कागदही नीट दिसत होता. प्रत्येक पोडावरचे पहिले मूल त्यात नव्हते. शिबिराच्या दिवशी एक कोलाम आई मुलीला घेऊन रांगेत उभी राहिली आणि यादीत तिचे नाव सापडेना. मुलगी दहावीला होती, पुढच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. त्या माउलीची मजुरी बुडाली, आणि तिला पुन्हा एकदा तालुक्याला यावे लागले. तेव्हापासून यादी छापण्याआधी मी प्रत्येक वस्तीची मुले वहीतून हाताने मोजतो आणि आकडा लेन() शी ताडून पाहतो (लॅपटॉपवर हे नाव इंग्रजी अक्षरांत).

गृहपाठ : वरच्या यादीतून उदगीरचा 5 काढा. मग शेवटचा तालुका, किती आहेत ते न मोजता, मुले[-1][-1] ने काढा आणि मुलांना विचारा, हातात आकडा आला की यादी?