मीटरला न दिसणारे 75 ओहम

प्रश्न : जुन्या घराच्या माळ्यावर टीव्हीच्या अँटेनाची चपटी वायर सापडली. तिच्यावर '300 ओहम' छापलं आहे. आताच्या डिशच्या गोल केबलला मात्र '75 ओहम' म्हणतात. कुतूहल म्हणून मल्टिमीटर लावून पाहिला. तांब्याची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत एखादा ओहमच दाखवते, आणि दोन तारांच्या मध्ये तर मीटर हलतच नाही. मग हे 300 आणि 75 मोजले कुठे? आणि ही चपटी वायर डिशला वापरली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा मीटर बिघडलेला नाही आणि वायरीवरचा आकडाही खोटा नाही. मीटर तांब्याचा रोध मोजतो. छापलेला आकडा त्या वायरीतून धावणाऱ्या लाटेला काय जाणवतं ते सांगतो, आणि तुमचा तुकडा इतका आखूड आहे की मीटरचा काटा हलायच्या आत लाट जाऊन परत आलेली असते.

75 ओहमची गोल केबल खूप लांब असती तर? समजा ती पृथ्वीपासून चंद्रापर्यंत, 3,84,000 किलोमीटर टाकली आणि तिच्या तांब्याला स्वतःचा रोध मुळीच नाही. चंद्राकडचं टोक मोकळं सोडलं आणि इकडच्या टोकाला मीटर लावला. केबलमध्ये विजेची लाट सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जाते. म्हणजे जायला 1.92 सेकंद आणि टोकावर आपटून परत यायला तेवढेच. पलीकडचं टोक मोकळं आहे ही गोष्ट इकडे कळायलाच 3.84 सेकंद लागतील. तोवर मीटरला स्वच्छ 75 ओहम दिसतील, आणि लाट परतली की तो 'मोकळं' दाखवू लागेल. घरातल्या, समजा 15 मीटरच्या, केबलमध्ये हे सगळं नाट्य 0.15 मायक्रोसेकंदात आटोपतं.

मग त्या वेळात करंट जातो कुठे? केबलच्या मधल्या तारेत आणि भोवतालच्या जाळीत विद्युतभार साठवायची क्षमता, म्हणजे धारकता, असते, साधारण दर मीटरला 67 पिकोफॅरड. पुढे सरकणारी लाट हा साठा मीटरमागून मीटर भरत जाते. पण तार करंटमधल्या बदलाला अडवतेही. या गुणाला प्रवर्तकता म्हणतात, आणि ती मीटरला 0.37 मायक्रोहेन्रीच्या आसपास असते. प्रवर्तकतेला धारकतेने भागा आणि वर्गमूळ काढा, उत्तर 75 च्या जवळ येतं. लांबी या हिशेबात कुठेच नाही, म्हणून एक मीटरची केबलही 75 ची आणि शंभर मीटरचीही 75 चीच. हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसाने बसवलं. तो तारखात्यात नोकरी केलेला आणि गणित स्वतःच शिकलेला होता. त्या काळी त्याचं म्हणणं फार थोड्यांना पटलं. दूरदर्शनचं तंत्र मात्र पुढे त्याच पायावर उभं राहिलं.

आता 300 आणि 75 हेच आकडे का? अर्ध्या तरंगलांबीचा साधा सरळ अँटेना मोकळ्या हवेत सुमारे 73 ओहमचा असतो. त्याचीच दांडी दुमडून लांबट कडी केली की हा आकडा चौपट, म्हणजे 300 च्या आसपास होतो. गच्चीवरच्या माशाच्या काट्यासारख्या अँटेनात, जो जपानमध्ये उदा आणि यागी यांनी 1926 च्या सुमारास मांडला, बहुधा अशीच दुमडलेली दांडी असे, आणि तिच्याशी जुळणारी 300 ची चपटी वायर स्वस्तात बनत असे. गोल केबलच्या 75 ला वेगळं कारण आहे. बाहेरच्या जाळीचा व्यास कायम ठेवला आणि आतली तार बारीक केली, तर करंट थोड्याशा तांब्यात दाटतो आणि तूट वाढते. आतली तार जाड केली, तर तेवढीच शक्ती न्यायला जास्त करंट लागतो आणि पुन्हा तूट वाढते. मधे हवा असलेल्या केबलमध्ये बाहेरचा व्यास आतल्याच्या 3.6 पट ठेवला की तूट सर्वांत कमी होते, आणि त्या मापाची केबल 77 ओहमची ठरते. अँटेनाच्या 73 शीही ते जवळपास जुळतं.

हे आकडे जुळण्याचा एवढा आग्रह का, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचा गाभा हाती येतो. विहिरीचा जाड दोर बारीक दोरीला बांधा आणि जाड टोकाला झटका द्या. गाठीपाशी झटक्याचा काही भाग पुढे जातो, काही मागे फिरतो. 300 च्या वायरीला 75 चं यंत्र जोडलं की लाटेचं हेच होतं. शक्ती वाया जाते, पण टीव्हीच्या बाबतीत त्याहून वाईट म्हणजे एकाच चित्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या वेळी पडद्यावर पोचतात.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. त्या काळात गच्चीवर चढून 'आलं का?' असं ओरडलेल्यांना दोन वेगळे दोष आठवत असतील. एक म्हणजे पडद्यावरच्या मुंग्या, दुसरं म्हणजे माणसाच्या शेजारी उमटणारी त्याचीच फिकट सावली. मुंग्या म्हणजे अशक्त सिग्नल. सावली म्हणजे प्रतिध्वनी, कशावर तरी आपटून दुसऱ्या, लांबच्या वाटेने उशिरा आलेली तीच लहर. बूस्टर लावून मुंग्या कमी व्हायच्या, सावली मात्र तशीच राहायची, कारण बूस्टर मूळ चित्राबरोबर प्रतिध्वनीही तेवढाच मोठा करतो. त्यावर उपाय एकच होता, अँटेनाचं तोंड फिरवून ती दुसरी वाट बंद करणं.

ती वाट किती लांबची आहे, हे फूटपट्टीने मोजता येई. आपल्याकडच्या 625 रेषांच्या पद्धतीत एक रेषा 64 मायक्रोसेकंदांची, आणि त्यातला दिसणारा भाग 52 चा. वीस इंची पडदा सुमारे 40 सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला जवळजवळ 8 मिलिमीटर. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर 300 मीटर जाते. सावली 8 मिलिमीटर सरकलेली असेल, तर समोरच्या इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून आलेली लहर 300 मीटर जास्त चालून आली आहे. घरच्या वायरीतल्या चुकीच्या जोडणीचा हिशेब करून पाहा. 15 मीटर चपट्या वायरीत टीव्हीकडून अँटेनाकडे जाऊन परत येणारी लाट सुमारे 0.12 मायक्रोसेकंद उशिरा येते, म्हणून सावली एक मिलिमीटरच सरकते. वेगळी दुसरी आकृती दिसत नाही, फक्त कडा पुसट होतात. कितीतरी घरांत टीव्ही जुना झाला म्हणून सोसलेला पुसटपणा या जोडणीतला असणार, असं मला वाटतं.

घरातल्या 15 मीटरचा हा त्रास. ज्यांना हजारो किलोमीटर चित्र न्यायचं होतं, त्यांच्यासाठी असे बारीक दोष साठत जाणं हाच सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसला. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांनी 1929 साली गोल केबलच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1936 पर्यंत न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये अशी केबल पडली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून 240 रेषांचं चित्र पाठवून झालं. केबलमध्ये चित्र क्षीण होत जातं, म्हणून ठरावीक अंतरावर सिग्नल पुन्हा मोठा करणारे रिपीटर बसवावे लागत, तेही निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे. 1953 च्या एल-3 या केबल-पद्धतीत ते दर साडेसहा किलोमीटरला होते. 4000 किलोमीटरच्या मार्गावर असे सव्वासहाशे रिपीटर येतील. प्रत्येक रिपीटरने सिग्नल हवा त्यापेक्षा फक्त एक टक्का जास्त वाढवला, तर शेवटच्या टोकाला तो पाचशेपट मोठा होईल! आणि व्हॉल्व्ह तर तापतात, जुने होतात, एकासारखा दुसरा नसतो. या संकटातून सोडवणारी कल्पना बेल लॅबोरेटरीजच्याच हॅरॉल्ड ब्लॅकला आधीच, 2 ऑगस्ट 1927 ला, हडसन नदीवरच्या बोटीतून कामावर जाताना सुचली. बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे व्हॉल्व्हचा लहरीपणा आपोआप दुरुस्त होतो. हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्याने ती आकृती काढली.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त भुरळ घालते ती या काळातली दुसरी एक गोष्ट. 1939 साली हॅरॉल्ड व्हीलर या इंजिनिअरने गणिताने दाखवलं की, प्रतिध्वनी उमटायला इमारत किंवा चुकीचा सांधा असावाच लागतो असं नाही. एखादी यंत्रणा काही फ्रिक्वेन्सी जरा जास्त आणि काही जरा कमी, अशा नियमित चढउताराने पुढे पाठवत असेल, तर तेवढ्यानेच चित्राला दोन फिकट प्रती चिकटतात, एक मागे आणि एक चक्क पुढे. काहीही न आपटता प्रतिध्वनी तयार होतो! यामुळे इंजिनिअरांना दोन्ही बाजूंनी विचार करता येऊ लागला. कोणती फ्रिक्वेन्सी किती पुढे जाते त्याच्या आलेखावरचा उंचवटा पाहून पडद्यावर सावली कुठे पडेल ते सांगायचं, आणि पडद्यावरची सावली मोजून आलेखातला दोष शोधायचा. पुढच्याच वर्षी हाइन्झ कॉलमन या इंजिनिअरने उपाय मांडला. सिग्नल एका विलंब लावणाऱ्या तारेतून सोडायचा, तिच्यावर ठिकठिकाणी टॅप काढायचे, प्रत्येक टॅपवरून हवा तेवढा, सरळ किंवा उलटा, अंश घ्यायचा आणि सगळे एकत्र मिसळायचे. म्हणजे नको असलेल्या प्रत्येक सावलीवर तिच्याच मापाची उलटी सावली टाकून ती पुसायची. 1965 साली बेल लॅबोरेटरीजच्या रॉबर्ट लकीने हे टॅप आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा दाखवली, आणि टेलिफोनच्या तारेवरून वेगाने संगणकी माहिती पाठवणं तिच्यामुळे शक्य झालं. आज घरातला मोडेमही याच रीतीने प्रतिध्वनी पुसतो.

केबलला पर्याय म्हणून मायक्रोवेव्हचे मनोरेही उभे राहिले. 4 सप्टेंबर 1951 ला सॅन फ्रान्सिस्कोतलं अध्यक्ष ट्रुमन यांचं भाषण अशाच मनोऱ्यांच्या माळेवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत थेट दिसलं. 4000 मेगाहर्ट्झवर साधा व्हॉल्व्ह हतबल होतो, कारण इलेक्ट्रॉन ते सोडणाऱ्या कॅथोडपासून त्यांचा ओघ आवरणाऱ्या ग्रिडच्या जाळीपर्यंत पोचेतो लहर उलटलेली असते. म्हणून या मनोऱ्यांसाठी बेल लॅबोरेटरीजच्या जॅक मॉर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे अंतर 15 मायक्रॉनवर आणलेला व्हॉल्व्ह घडवला. त्याच्या ग्रिडची टंगस्टन तार साडेसात मायक्रॉनची होती. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

याच अडचणीवर वेगळी वाट काढणारा रुडॉल्फ कॉम्फनर हा ऑस्ट्रियात वाढलेला, शिक्षणाने वास्तुविशारद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅम विद्यापीठात काम करताना त्याने अंतर कमी करत बसण्याचा नादच सोडला. त्याने केबलच व्हॉल्व्हच्या आत नेली. तार स्प्रिंगसारखी गुंडाळली की लाट वळसे घेत जाते आणि नळीच्या लांबीत प्रकाशाच्या सुमारे एकदशांश वेगाने सरकते. स्प्रिंगच्या मधून तेवढ्याच वेगाने इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की दोघं बरोबर चालतात आणि झोत आपली शक्ती वाटभर लाटेला देत राहतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन पिअर्सने ही ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब पुढे नेली. 10 जुलै 1962 ला सोडलेल्या टेलस्टार उपग्रहात हजाराहून जास्त ट्रान्झिस्टर होते आणि व्हॉल्व्ह एकच, हीच ट्यूब. अटलांटिकपलीकडे थेट चित्र तिच्यातून गेलं.

आता तुमच्या माळ्यावरच्या वायरीबद्दल. डिशला ती लावू नका. दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी साठेक किंवा फार तर दोनशेच्या आसपास मेगाहर्ट्झ होती. डिशकडून खाली येणारा सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झचा असतो. तिथे चपट्या वायरीची तूट फार होते, ओलसर भिंतीजवळून नेली तर आणखी, आणि आकडाही जुळत नाही. गोल केबल मध्येच तुटली तर तारा पिळून टेप गुंडाळण्याचा मोहही टाळा. 60 मेगाहर्ट्झला केबलमधली लाट तीन मीटरहून लांब असते, तिला दोन सेंटिमीटरचा वेडावाकडा सांधा जाणवत नाही. 1000 मेगाहर्ट्झला तीच लाट 20 सेंटिमीटरची होते आणि त्या सांध्यावर आपटून तिचा काही भाग परत फिरतो. डिजिटल चित्रात सावली पडणार नाही. चित्राचे चौकोन फुटतील किंवा ते गोठेल, आणि दोष सेट-टॉप बॉक्सवर जाईल. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर नीट कसून मधे जोड देणारा तुकडा वापरा. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो. घेताना 75 ओहमचाच मागा.